अंड्यांवर बसलेली माउली

खर्डी, रविवार

आदरणीय आई यांना जावई रत्नदीपचा सप्रेम जय भीम.

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधता ना (की तो गोठ्यात टांगलाय)? फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र. इकडे सगळे मजेत. तुमची नात राही दोन पावलं टाकते आणि तिसऱ्याला बसते. पौर्णिमाही मजेत असावी. सहा महिन्यांच्या नर्सिंग ट्रेनिंगसाठी ठाण्याला जायला मी नको म्हटल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. राहीला कोण बघणार, एवढंच मी विचारलं होतं.

घरात कोणी बोलेना म्हणून मी पक्षी बघायला लागलो. आमच्या खाचराखाली पावसाळ्यात डबकं साचतं, दिवाळीपर्यंत आटतं. दिपेश नावाच्या मित्राची दुर्बीण घेऊन रोज सकाळी तिथे चिखलात बसायचो (एक चप्पल अजून तिथेच आहे). गवतात एक मळकट पाणलावा अंड्यांवर बसलेला. पाऊस कोसळला तरी हलेना. आणि बाजूला दुसरा, तांबड्या गळ्याचा, नटूनथटून मिरवतोय. मला त्या नवऱ्याचा असा राग आला की चिखलाचा गोळाच मारणार होतो. बसलेल्या माउलीचा फोटो काढला, ‘आईची माया ती हीच’ असं लिहून गावच्या ग्रुपवर टाकला आणि पौर्णिमाला दिसेल असा फोन ओट्यावर ठेवला.

संध्याकाळी कॉलेजातल्या रुपाली मॅडमनी ग्रुपवर लिहिलं की या जातीत नटलेली ती मादी. ती अंडी घालून दुसरा संसार थाटायला जाते. अंड्यांवर बसलाय तो बाप, पिल्लंही तोच वाढवणार. सगळं गाव हसलं. पौर्णिमाने मेसेज वाचला आणि राहीला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

आई, लाज वाटली. काल पिल्लं निघाली, चार. बाप पुढे, पिल्लं मागे. बघून फार बरं वाटलं, घरी येऊन राहीला पहिल्यांदा मी आंघोळ घातली (दोघेही रडलो).

आपला,
रत्नदीप

ता.क. पत्राचं खरं कारण हे. मी कामावर दुपारची पाळी मागून घेतली आहे. सकाळी राही माझ्याकडे, दुपारी माझ्या आईकडे. ट्रेनिंगच्या हमीपत्रावर सही केली आहे, शुक्रवार शेवटची तारीख. पण पौर्णिमाला सांगणार कसं? तेवढा फोन तुम्ही तिला करावा.

ता.क. २. फोन करू नका. पौर्णिमा मागे उभी राहून हे सगळं वाचत होती. पंधरा दिवसांनी बोलली: “माझ्या आईच्या सहीनं फॉर्म कवाच भरलाय. तुमी पेज करायला शिका आता.” तर आई, वाटीभर तांदळाला पाणी किती घालायचं, तेवढं कळवा.