रंगरावाची सीट

१७ नोव्हेंबर १९७४
सायकलला नवी चामड्याची सीट आणली, पिंपरी कॅम्पातून. ऑफिसातला रंगराव सोबत होता. त्यानंही तीच घेतली! पुढच्या महिन्यात कंपनीच्या सायकल क्लबची पणजीपर्यंत सफर. दुकानदार म्हणाला, "आधी बसून बसून नरम करा, नाहीतर घाटात रडाल."

चार वर्षं म्होरक्या रंगरावच. शिट्टी त्याच्या गळ्यात, सगळ्यांच्या पुढे तो. मी दुसरा. त्याच्या सगळ्या शर्टांची मागची बाजू मला तोंडपाठ आहे.

२० नोव्हेंबर
सीट नव्हे, दगड! आज फायली उभ्यानंच पाहिल्या.

२४ नोव्हेंबर
सीटला खोबरेल चोळत बसलो होतो. ही म्हणाली, "माझ्या डोक्याला कधी लावलंत का एवढं?" वर आणि — "रंगरावभावजींची झालीसुद्धा म्हणे नरम."

भावजींची! आठवड्यात! चामडंसुद्धा त्याच्यापुढे वाकतं.

२७ नोव्हेंबर
जेवणाच्या सुट्टीत स्टँडवर जाऊन त्याची सीट अंगठ्यानं दाबून पाहिली. मागे वॉचमन धोंडीबा उभा! "काय सायेब, दुसऱ्याची शीट चेपून आपली नरम व्हती व्हय?"

पण एक दिसलं. उजवीकडे वाटीएवढा खळगा, डावीकडे दुकानातल्यासारखी कोरी. फसला! खराब माल गळ्यात मारला त्याच्या! रात्री दोन पोळ्या जास्त गेल्या.

१ डिसेंबर
निगडीपर्यंत सराव. पुढे तो, मागे मी. आज शर्टाच्या खाली पाहिलं. चामडं चांगलं आहे. तोच सगळा उजव्या अंगावर बसतो. डावा पाय पॅडलवर नुसता ठेवलेला — पॅडल फिरतं म्हणून पाय फिरतो. उतरला तोही भिंतीचा आधार घेऊन.

बाकीच्यांना माझी पाठ दिसते. त्याचे पाय फक्त मला.

३ डिसेंबर
शनिवारी बैठक. क्लबचे सेक्रेटरी सोनबा म्होरक्या ठरवणार. मला एकच वाक्य बोलायचंय — "रंगरावाचा पाय जरा डॉक्टरांना दाखवून घ्या." खोटं काय त्यात? उलट काळजीच! की शिट्टी माझी. दाढी करताना म्हणून पाहिलं. हळव्या सुरात तर फारच छान वाटतं.

५ डिसेंबर
संध्याकाळी रंगराव दारात. हातात तेलाची बाटली. "तुझी अजून नरम होईना म्हणे. वरून काय चोळतोस, लेका? खालच्या बाजूनं लाव."

त्याला जिना चढायला किती वेळ लागला, ते मी आतून ऐकत होतो. एक पायरी, थांबणं. एक पायरी, थांबणं. दार मात्र हसत हसत वाजवलं.

७ डिसेंबर
सोनबांनी विचारलं, "पुढे कोण?"

"रंगरावच," मी म्हणालो. "त्याच्या लगेच मागे मी. मधे कुणी नको."

रंगरावानं माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाखाली डावा गुडघा चोळत असलेला त्याचा हात तेवढा थांबला.