क्रेनचं तोंड कुणीकडे

३ फेब्रुवारी

आज कुंपणाचे पत्रे काढले! इतकी वर्षं त्या गंजक्या पत्र्यांनी बंदराचा जुना धक्का झाकून ठेवला होता. आता रस्त्यावरून थेट पाणी दिसतं. दूधवाला सायकल थांबवून बघत उभा होता. मीही उभा राहिलो. तो म्हणाला, "काका, इथे पाणी आहे हे विसरलोच होतो." मी म्हटलं, हळू बोल, पाण्याला वाईट वाटेल.

वर येऊन हिला सांगितलं. "मला काय सांगता, मी रोज बघते." खरंच आहे म्हणा. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीला कुंपण कधी आडवं आलंच नाही. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तर ती खिडकी म्हणजेच हिचा बाजार आणि हिची बाग.

६ फेब्रुवारी

धक्क्याच्या कामावर एक मुलगी आहे. सगळा आराखडा तिचाच. डोक्यावर सदा पिवळं हेल्मेट, म्हणून मी तिचं नाव हेल्मेटवाली ठेवलंय. आज नकाशा उलगडून दाखवला – गोदामांत वाचनालय, फिरायला रस्ता, बाकं, झाडं, पाण्यात पाय सोडून बसायला पायऱ्या. आम्ही मिठाच्या गोण्या उतरवायचो तिथे घसरगुंडी! मला राग यायला हवा होता. आला नाही. त्या जागेने पाठी मोडणारी माणसंच बघितली, आता जरा पोरं बघू देत.

जुन्या क्रेन भंगारात गेल्या. एक ठेवणार, शोभेला. कुठली? माझी!

"काका, ही तुम्ही चालवायचात?" मी म्हटलं, तीच मला चालवायची. हसली. चांगली आहे पोरगी.

९ फेब्रुवारी

हेल्मेटवालीने सांगितलं, क्रेन वाऱ्याने हलू नये म्हणून वेल्डिंग करून कायमची जखडणार. आत्ता ती गोदामाकडे बघत गंजत उभी आहे. मी विचारलं, तोंड कुणीकडे करणार?

"पाण्याकडेच ना काका. संध्याकाळी दिवे लावले की प्रतिबिंब किती छान पडेल."

मी म्हटलं, आमच्या घराकडे करा. तिला वाटलं मी गंमत करतोय.

गंमत नाही. त्या काळी फोन कुठले! दुपारी खाली उतरण्याआधी मी क्रेनचा लांब हात आमच्या खिडकीकडे वळवायचो. म्हणजे – येतोय, ताटं घे. ही खिडकीतून बघायची आणि ताटं घ्यायची. साहेब खालून ओरडायचा, "क्रेन मोकळी सोडताना तोंड पाण्याकडे!" मी म्हणायचो, जेवून आलो की करतो. नोकरीभर हेच चाललं.

एकदा जहाजाचा खोळंबा झाला. क्रेन संध्याकाळपर्यंत पाण्याकडेच. घरी आलो तर ही उपाशी, ताटं पालथी. "क्रेन वळलीच नाही, मी कशी जेवू?" तेव्हा वेडी म्हणून चिडवलं होतं.

१२ फेब्रुवारी

डॉक्टरकडे जाऊन आलो. हृदय थकलंय म्हणाले. जिने टाळा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, उडत जाऊ काय? मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "घरी कोण असतं?" आवाज इतका मऊ केला की मी काय ते समजलो.

हिला सांगितलं, मीठ कमी खा म्हणालेत. खोटं नाही. तेही म्हणालेच होते.

१३ फेब्रुवारी

क्रेन घराकडेच वळली पाहिजे. मी गेल्यावर ही एकटी त्या खिडकीत बसणार. समोर क्रेन आपल्याकडे बघतेय असं दिसलं तर हिला वाटेल, आलेच हे. एवढं तरी मागे ठेवून जायला हवं.

१६ फेब्रुवारी

रोज जाऊन हेल्मेटवालीचं डोकं खातो. आज वैतागून म्हणाली, "पण का काका? एक कारण तरी सांगा." सांगितलं. ताटांचं, पालथ्या ताटांचं. डॉक्टरचं नाही सांगितलं. तिने पहिल्यांदाच हेल्मेट काढलं आणि मांडीवर घेऊन बसली. केस अगदी चप्प बसलेले. म्हणाली, "काकूंना भेटायला येऊ?"

१९ फेब्रुवारी

आली! हेल्मेट घालूनच आली. ही म्हणाली, "आमचं छत पक्कं आहे गं, काढ ते." दोघींची अशी गट्टी जमली की मला कुणी विचारेना. मग हिने मला दूध आणायला पिटाळलं. धापा टाकत परत आलो तर घरात निम्मं पातेलं दूध शिल्लक! आणि हिचे डोळे ओले. "धूर गेला," म्हणे. गॅसवर कुठला आलाय धूर!

हिने आपली बाजू मांडली असणार. काम फत्ते.

२२ फेब्रुवारी

"ठरलं काका. सोमवारी वेल्डर येतोय." कुणीकडे ते मी विचारलं नाही. मला ठाऊक आहे.

आज नवी झाडं लागली. काड्याच आहेत अजून. पायऱ्यांवर एक म्हातारा चपला काढून पाण्यात पाय सोडून बसला होता. मीही बसलो. पाणी गार होतं. हिचे गुडघे बरे असते तर हिलाही आणलं असतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मोठ्या क्रेनने माझ्या क्रेनला हळूहळू वळवलं. किती कुरकुरली! हात आमच्या खिडकीसमोर आला. खिडकीत ही. मी खालून हात केला, हिने वरून केला.

आणि क्रेन थांबलीच नाही. आमची खिडकी मागे टाकून पुढे गेली आणि पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. वेल्डर वर चढला. मी ओरडलो. त्या आवाजात कोण ऐकतंय! हेल्मेटवाली माझ्याकडे बघेना. एवढंच म्हणाली, "काका, घरी जा. काकूंशी बोला."

काय बोलायचंय? जिन्यात बसत बसत वर आलो. जेवलो आणि झोपलो.

२५ फेब्रुवारी

बोललो नाही. अळणी भाजी, अळणी दिवस.

२६ फेब्रुवारी

आज हीच बोलली. पाठमोरी, खिडकीशी उभी राहून.

"क्रेन पाण्याकडे कर म्हणून त्या पोरीला मीच सांगितलं. जिन्यात तुम्ही थांबत थांबत येता, ते मला ऐकू येत नाही का? मीठ म्हणे! क्रेन घराकडे वळली की तुम्ही लगेच दारात यायचात. उद्या ती घराकडे बघत राहील आणि दार वाजणार नाही. ते मी रोज कसं बघू? पाण्याकडे असली तर एवढंच वाटेल, अजून वरच आहेत, आज उशीर होतोय."

मग डोळे पुसून म्हणाली, "चला, ताटं घेतलीत."