दोन्ही सर्व्हर एकाच बोर्डावर

प्रिय ताई,

फोनवर तू "मी ठीक आहे गं" म्हणून विषय मिटवतेस, म्हणून लिहायला बसले. पित्ताशयाच्या ऑपरेशनची तारीख तू दुसऱ्यांदा पुढे ढकललीस, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. डॉक्टर रागावले तेव्हा तू त्यांनाच विचारलंस म्हणे, मग आईला कोण बघणार? आईची उजवी बाजू गेल्यापासून दोन वर्षं ती तुझ्याच हातून उठते, तुझ्याच हातून जेवते.

मी इथे तीन आठवडे पार पिळून निघालेय. आमच्या प्रयोगशाळेतले तपासणीचे अहवाल डॉक्टरांना ईमेलने जातात आणि तो ईमेलचा सर्व्हर माझ्या ताब्यात असतो. एक बंद पडला तर दुसऱ्याने काम उचलावं, म्हणून मी मोठ्या ऐटीत दोन ठेवले होते. मागच्या महिन्यात सफाईच्या मावशींनी फरशी पुसायच्या मशीनसाठी एक प्लग काढला आणि दोन्ही सर्व्हर एकदम झोपले. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर होते आणि तो प्लग त्या बोर्डाचाच! चार तास अहवाल अडकले. मावशी म्हणाल्या, "एकाच खिळ्याला दोन पिशव्या टांगल्यात की हो बाई." घरातली पहिली पदवीधर मी, माझ्या पदवीच्या फ्रेमची काच तू रोज पुसतेस, आणि मला एवढं दिसलं नव्हतं.

मग नवा आराखडा केला. दुसरा सर्व्हर समोरच्या इमारतीत, त्याची वीज वेगळी. रोजच्या ईमेल-पत्रांची एक प्रत तिसऱ्याच ठिकाणी. काय बंद पडलं तर काय करायचं, हे ओळीओळीने लिहिलं. साहेबांनी सगळं वाचलं आणि विचारलं, "सगळ्याला पर्याय आहे, तुला कोण?" प्रत्येक ओळीपुढे जबाबदार म्हणून माझंच नाव होतं. मला तो माझा प्रामाणिकपणा वाटत होता.

त्यांनी परीक्षाच लावली. नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या चष्मिस पोराने माझ्या टिपणांवरून, जपून ठेवलेल्या प्रतीतली पत्रं रिकाम्या सर्व्हरवर परत आणायची. मी कँटीनमध्ये बसायचं, हात लावायचा नाही. माझं तासाभराचं काम, त्याला तीन तास लागले. दोनदा खाली येऊन त्याने माझ्या अक्षराला कोंबडीचे पाय म्हणून घेतलं. पण पत्रं आली, एकूण एक आली. मला हायसं वाटायला हवं होतं. मला राग आला, ताई. माझ्यावाचून जमलं, याचा राग. घरी येताना स्वतःचीच लाज वाटत होती.

आता जे सांगायचं ते सांगते. ऑपरेशनची पहिली तारीख ठरली तेव्हा तू मला पंधरा दिवस ये म्हणालीस. रजा मिळत नाही, असं मी कळवलं. मी रजा मागितलीच नव्हती. माझ्याशिवाय सर्व्हर चालणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मी घाबरले होते. त्याआधी आले होते तेव्हा आईला भरवायला बसले, तर तिने डाव्या हाताने चमचा सारला आणि नजरेने तुला शोधायला लागली. मी उठून भांडी घासायला गेले. तुला वाटलं, किती मदत करते पोरगी. आज मी महिन्याची रजा मागितली. साहेबांनी अर्ज पुरता वाचायच्या आधीच सही केली. शनिवारी येतेय. तू डॉक्टरांकडून नवी तारीख घे. त्याआधीचा आठवडाभर आईचं सगळं मी करणार, तू नुसतं शेजारी बसायचंस. ती माझा हात ढकलेल, तुझ्याकडे बघेल, रडेलसुद्धा. तेव्हा तू उठू नकोस.

तुझीच,
धाकटी