दोघांची हवा

मर्टलफर्ड,
१० ऑक्टोबर २००९

चि. मेरिन हिस अ. उ. आ.

मी ठीक आहे, गुडघा सोडून. फोन न करता पत्र लिहितोय म्हणून चिडू नकोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, अगदी आईवर गेली आहेस.

या पत्राबरोबर मोटरसायकलचं मागचं चाक ट्रकने पाठवतोय. टायर संपला आहे. तुझ्या दुकानात जो सगळ्यात मऊ, रस्त्याला घट्ट चिकटून राहणारा टायर असेल तो घाल. मागच्या वेळी दिलास तसला पोक्त, टिकाऊ नको. तेराशे सीसीचं इंजिन आणि अडीचशे किलोचं धूड आहे ते. दर रविवारी नोएल आणि आमच्या मोटरसायकलवाल्या मंडळींबरोबर टवॉंगाचा घाट चढायचा, तर टायरने साथ द्यायला हवी.

८ नोव्हेंबरला रविवार आहे आणि आईचा वाढदिवसही. ती गेल्यानंतरचा हा दुसरा. नोएलने ठरवलंय की सगळ्यांनी घाट ओलांडून माउंट ब्यूटीला जायचं आणि तिच्या आवडत्या बेकरीत चहा घ्यायचा. सगळ्यांच्या पुढे मी असणार, असंही तो गावभर सांगून बसलाय. तेव्हा चाक लवकर पाठव.

जेवणखाण वेळेवर कर. माया आहे तशीच असू दे.

तुझा बाबा

---

शेपर्टन,
१६ ऑक्टोबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

चाक पोचलं. परवा संध्याकाळी दुकान बंद केल्यावर मी ते टेबलावर घेतलं आणि बराच वेळ नुसती बघत बसले. टायर बघून मालक कुठल्या रस्त्याने जातो ते ओळखायला तुम्हीच मला शिकवलंत, हे तुम्ही विसरलात वाटतं.

बाबा, या टायरचा मधला भाग पाटासारखा सपाट झालाय. घाटात गाडी आडवी करणाऱ्याचा टायर असा झिजत नाही. हा हजारो किलोमीटर नाकासमोर सरळ गेलेला टायर आहे. कडा मात्र खरखरीत आहेत. वळणावर रबर झिजतं तेव्हा त्याच्या बारीक गुठळ्या वळतात. इथे सरळ ओरखडे आहेत, तेही अगदी एकसारखे. कानस शेडमधलीच वापरलीत ना, लाल मुठीची?

वळणावर गाडी न झुकवल्याने कडेला न झिजलेला कोरा पट्टा राहिला की तुमची मंडळी त्याला भित्र्याचा पट्टा म्हणतात, हे मला माहीत आहे. पोरंसोरं तो घासून लपवतात तेव्हा तुम्हीच पोट धरून हसायचात. म्हणून मला हसू आलं नाही.

आणखी एक. चाकात हवा दोघांची होती. मागे कुणी बसणार असेल तेव्हा भरतो तेवढी. एकट्या माणसाला एवढी हवा कशाला? त्यानेही मधला भाग लवकर जातो.

नोएलला मी काही कळवलेलं नाही, कळवणारही नाही. पण तुम्ही रविवारी कुठे जाता ते लिहिल्याशिवाय या चाकावर टायर चढणार नाही. रागावलेले नाही, काळजी वाटते. गुडघ्याला शेक द्या.

माझ्यावरचा लोभ या पत्रानंतरही ठेवावा.

मेरिन

---

मर्टलफर्ड,
२० ऑक्टोबर

चि. मेरिन हिस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझा रागच आला. मग वाटलं, आपणच शिकवलं, आता ऐकून घ्या.

आई गेल्यावर दीड महिन्याने मी पहिल्यांदा घाटात गेलो. नोएल आणि बाकीचे पुढे होते. पहिल्या मोठ्या वळणावर मी गाडी झुकवायला घेतली आणि थांबलो. तीस वर्षं तिचा गुडघा माझ्या बरगडीला टेकायचा आणि ती माझ्याआधी झुकायची. तेव्हा गाडी आपोआप वळायची. मला वाटायचं मी चालवतो. त्या दिवशी मी तिच्या झुकण्याची वाट बघत राहिलो आणि गाडी सरळ निघाली, मधली रेघ ओलांडून. समोरून लाकडाचा ट्रक येत होता. त्याने हॉर्न वाजवला म्हणून वाचलो. मी कडेला थांबलो. मग गाडी वळवून घरी आलो. मंडळींना पंक्चर झालं म्हणून सांगितलं.

तेव्हापासून रविवारी सगळ्यांच्या आधी निघतो. घाटाकडे न वळता उलट्या दिशेला वांगरट्टापलीकडच्या सपाट रस्त्याने जातो, पेट्रोल पंपावर काहीतरी खायचं, चहा प्यायचा आणि परत. नोएलला सांगतो की तुम्ही झोपेतून उठायच्या आत माझा घाट झाला. तो गाडी बघतो ती टायरच्या कडेपासूनच, म्हणून कानस.

हवेचं विचारलंस. दर शनिवारी हवा बघतो. कमी करायला हात जात नाही, एवढंच.

चिकटणारा टायर मागितला तो त्यासाठीच. वाटलं, गाडीने रस्ता धरून ठेवला तर मी घाबरलो तरी चालेल. आठ तारखेला मी गेलो नाही तर तिच्या वाढदिवसाला खोटं बोलावं लागेल, आणि ते मला जमणार नाही.

तुला वाटेल तो टायर घाल. बापावरची माया कमी करू नकोस.

बाबा

---

शेपर्टन,
२५ ऑक्टोबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्र दुकानात वाचलं आणि नंतर गोदामात जाऊन रडले. आता कामाचं बोलते.

मऊ टायर देणार नाही. तुमच्या गाडीच्या वजनाने आणि ताकदीने तो सपाट रस्त्यावर तीन महिन्यांत संपेल. शिवाय भीतीवर इलाज होईल असा टायर कुणी बनवत नाही, असता तर मी आधी माझ्या गाडीला घातला असता. तुमच्यासाठी मधे कडक आणि कडेला मऊ असलेला निवडलाय. सपाट रस्त्यावर टिकतो आणि झुकाल तेव्हा धरतो. दोघांचं वजन पेलणारा बघून घेतलाय. पुढचाही बदलायचा, टायर जोडीनेच घालायचे असतात.

मागचं चाक मी पाठवत नाही, घेऊनच येते. शनिवारी ३१ तारखेला दुपारी पोचते. रविवारी आधी दीडशे किलोमीटर सपाट रस्त्यावर, कारण नवा टायर घसरतो. मग घाट. मी मागे बसणार आहे. आईसारखं झुकता येणार नाही, पण तुम्ही आधी झुका, मी तुमच्या मागून झुकते.

मागच्या चाकात हवा दोघांची भरली आहे. या वेळी बरोबर भरली आहे.

माझ्यासाठी भाजलेलं मटण करा, भोपळा जाळू नका. बाकी लोभ आहे, तो झिजू देऊ नये.

मेरिन

---

मर्टलफर्ड,
९ नोव्हेंबर

चि. मेरिन हिस अ. उ. आ.

तू गेल्यावर आठवडाभर पाठ दुखत होती. तू मला धरलं होतंस की आवळलं होतंस? पहिल्या वळणावर तू उलट्या बाजूला झुकलीस तेव्हा मी तुला जी शिवी दिली, ती मागे घेतो. पण त्या गडबडीत आईच्या झुकण्याची वाट बघायची राहूनच गेली, आणि वळण पार झालं. तिथून पुढे मीच चालवत होतो, हे मला वर पोचल्यावर कळलं.

कालची हकीकत. सकाळी आठला शेडमध्ये गेलो आणि गाडीजवळ स्टुलावर बसलो. मग मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हवर नख दाबलं आणि हवा सोडली. फार नाही, एकट्याला लागते तेवढीच ठेवली. तो आवाज शेवटपर्यंत ऐकला. तिला सांगितलं की वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि आता मी निघतो.

सगळ्यांच्या पुढे काही राहिलो नाही. नोएल तीन वळणांनंतर पुढे गेला, मी माझ्या चालीने गेलो. बेकरीत चहा झाला, तिच्या नावाची खुर्ची ठेवली होती. नोएलने नेहमीप्रमाणे वाकून माझा टायर बघितला. दोन बोटं कोरा पट्टा आहे. तो सगळ्यांसमोर हसला आणि भित्रा म्हणाला. मी म्हटलं की आहे खरा. मग त्याला सगळं सांगितलं, ट्रकपासून कानशीपर्यंत. माझ्या चहाचे पैसे त्याने दिले.

कानस तुला पाठवतोय, दुकानात ठेव. पट्टा जेवढा आहे तेवढा राहू दे.

नाताळला ये. निघायच्या आदल्या दिवशी कळव, म्हणजे हवा भरून ठेवतो.

तुझा बाबा