फुलदाणीतलं पाणी

सांगली, २७ ऑक्टोबर १९४७

पोचलो एकदाचा! अंजनाने वाईहून बांधून दिलेल्या दशम्या कऱ्हाडलाच संपल्या. जयपालशेठ जुन्या सामानाचे व्यापारी, मोकळा माणूस. विश्रामबागेकडे त्यांचं घर, परसात विहीर, आणि विहिरीला लागून माझी खोली. खोलीला चक्क दोन खिडक्या! नाटक कंपनीचे पडदे रंगवताना इतकी वर्षं माणसांच्या पायांत झोपलो, तेव्हा मला हा राजवाडाच.

काम असं आहे. महाबळेश्वरचा एक साहेब बंगला विकून विलायतेला गेला. त्याचं सामान शेठनी उचललं, त्यात फुलांचं एक जुनं चित्र निघालं. फ्लेमिश म्हणे, म्हणजे बेल्जमकडचं, तीनशे वर्षांचं. मुंबईचा पारशी दलाल दहा तारखेला बघायला येणार. तोवर त्यावरची काजळी मी उतरवायची. चित्र विकलं गेलं तर ही खोली कायमची आमची, शिवाय दुकानाच्या पाट्या रंगवायचं काम. अंजनाला पाचवा लागलाय. नऊ तारखेला ती येईल आणि आमचा संसार एकदाचा एका छपराखाली येईल. याहून जास्त मला काही नको.

२८ ऑक्टोबर

चित्र उजेडात घेतलं. लाकडी फळीवर रंगवलेलं आहे. काचेची फुलदाणी, आणि तिच्यात फुलं अशी कोंबलेली की एकालाही श्वास घ्यायला जागा नाही. जवळून पाहिलं आणि शिसारी आली. पाकळ्यांच्या कडा कुजलेल्या, फुलदाणीतलं पाणी शेवाळी. गुलाबावर माशी, पानावर गोगलगाय, देठावर मुंग्या, आणि मधल्या मोठ्या फुलात सुतासारखी बारीक हिरवी अळी. फुलं काढायला बसलेल्या माणसाला हे कशाला सुचावं? हात मात्र कसबी. माशीच्या पायांवरची लव दिसते.

काजळी काढायला आम्ही बटाट्याची फोड घासतो. शेठच्या आई गुणमालाअक्का यांनी ते ऐकून कानांवर हात ठेवले. जैनाचं घर, त्यात चातुर्मास. कंदमूळ उंबऱ्याच्या आत येणार नाही. मग आमच्या उस्तादांचा दुसरा उपाय काढला. फडक्याचं टोक जिभेवर ओलं करायचं आणि पुसायचं. थुंकीइतका हलका साबण दुसरा नाही.

३० ऑक्टोबर

काम झपाट्याने चाललंय. फडकं मळलं की विहिरीच्या बादलीत खळबळतो, तीच बादली परत विहिरीत सोडतो, आणि फडकं पुन्हा जिभेला लावतो.

अक्का पाणी गाळतात ते बघण्यासारखं असतं. गाळून झालं की गाळणं उलटं करून, त्यात अडकलेले बारीक जीव त्याच विहिरीत अलगद परत सोडतात. आज माझं फडकं बघून त्यांनी टोकलं. म्हणाल्या, "जितनं काडलं तितंच सोडायचं बाबा. त्यो बी जीवच हाय." मी म्हटलं, अक्का, रंगातली माशी फडक्याला लागली, तर तिला काय परत गुलाबावर नेऊन बसवू? त्या हसल्या नाहीत.

१ नोव्हेंबर

गुलाबावरची माशी गेली. रंग खरवडला की काय म्हणून चित्र उजेडाला धरलं. पण खालची पाकळी धडधाकट आहे, आणि फडक्यावर रंगाचा ठिपकाही नाही.

दुपारी भातात माशी निघाली. तिच्या पायांवरची ती लव मी ओळखली. घास तोंडातच होता.

३ नोव्हेंबर

गोगलगाय नाही. मुंग्या नाहीत. तोंडाला फुलदाणीतल्या शिळ्या पाण्याची चव, गोडसर, कुजकी. सकाळी चूळ भरताना जिभेखाली काहीतरी मऊ, बुळबुळीत सरकलं. दातांच्या फटीत पाय वळवळतात. बोट घालून घालून हिरड्या सोलल्या. किळस येते मला माझ्याच तोंडाची.

अक्कांचं गाळणं आज काळंभोर, हलणारं. त्यांनी ते शांतपणे विहिरीत उलटं केलं. विहिरीत चुना टाका म्हणून मी शेठच्या पाया पडलो. ते म्हणाले, चातुर्मासात जीवहत्या होणार नाही.

अंजनाला तार केली. येऊ नकोस.

५ नोव्हेंबर

अळीही गेली. मधल्या फुलाला भोक पडलंय. कालच्यापेक्षा आज मोठं. कुठूनतरी अजून खातेच आहे.

ओकलो. नुसतं हिरवं पाणी.

६ नोव्हेंबर

अक्का बरोबर होत्या. जिथून काढलं तिथंच.

तोंडात जे होतं ते फडक्यावर थुंकलो आणि गुलाबावर टेकवलं. फडकं उचललं तर— माशी! आपल्या जागेवर, रंगातली, वाळलेली. मी लहान पोरासारखा रडलो. मग दिवसभर बादल्या उपसल्या, अक्कांच्या गाळण्याने गाळल्या, ओलं गाळणं चित्राला लावलं. मुंग्या परतल्या. गोगलगाय परतली. तोंड स्वच्छ झालं. पोटभर जेवलो.

फक्त अळी नाही. पण विहिरीतच असणार. ती काढतो, मग अंजनाला ये म्हणून कळवतो.

७ नोव्हेंबर, सकाळ

बादलीमागून बादली. अळी नाही. फुलाचं भोक आता अंगठा जाईल एवढं.

फडकं फाटलं. नवं घेऊन येतो.

दुपार

अंजना आली आहे.

आजच. तिला काल मिळालेल्या तारेमुळे. तिचा भाऊ पलटणीत. तार म्हणजे मेल्याची बातमी, आणखी काय असणार. वाचून घ्यायलाही थांबली नाही, तार घेऊन माझ्याकडेच निघाली, मिळाली त्या गाडीत बसली. मी फडकं आणायला गेलो होतो तेवढ्यात—

विहिरीवर मी भरून ठेवलेली बादली. न गाळलेली. ओंजळीने प्याली. मी दारातून ओरडलो तोवर तोंड पुसत होती. म्हणाली, पाणी लय गोड हाय की वो हितलं.

तिच्या गळ्यात बोटं घालू गेलो. घाबरली. अक्कांनी मला धरलं.

काही होणार नाही. एवढीशी तर अळी. काही—

संध्याकाळ

तिने हाक मारली. हसत होती. माझा हात धरून पोटावर ठेवला. "आवं, हलतंय बगा. पयल्यांदाच."

मूल लाथ मारतं म्हणतात.

हे लाथ मारत नव्हतं. सरकत होतं. लांब. एका कुशीपासून दुसरीपर्यंत, आखडत, पसरत—

मी हात काढून घेतला. तिला वाईट वाटलं.

चित्रातल्या फुलाला आता पाकळीच राहिली नाही. म्हणजे तिथलं संपलं. आता—

भूक लागलीय म्हणते. भात ढकलला. भाकरी ढकलली. परसात गेली. अक्का कौतुकाने सांगत आल्या, डोहाळं लागल्यात पोरीला, करू दे मनासारखं. ती तिथल्या गुलाबाच्या झुडपापाशी बसलीय. पानं खाते आहे. कडेपासून आत, गोल गोल, मान हलवत, न थांबता, आणि तिच्या ओठांवरून ते हिरवं—

माझ्याकडे बघून हसली. तोंड उघ—