हात नीट जोडा

बाबा, मी तुमच्यावर चिडले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता चिडून काय उपयोग, असं कोणीही म्हणेल. म्हणू दे.

परवा सासूबाईंना घेऊन प्रताप नगरातल्या एका डॉक्टरकडे गेले होते. आमच्या आधी एक काका होते, शुगरवाले, तुम्ही शेवटी होतात त्याच वयाचे. दार उघडंच होतं. डॉक्टर म्हणाला, "काका, नमस्कार करा बरं." काकांनी हात जोडले. बोटांची टोकं टेकली, पण मधे फट राहिली, तळहात काही जुळेनात. मग डॉक्टर समजावू लागला. रक्तात वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की ती अंगातल्या प्रथिनांना चिकटते, त्यात शरीरातलं सुटं लोखंड-तांबं भर घालतं, आणि सांध्यांभोवतीचे लवचिक धागे जुन्या रबरासारखे ताठ होतात. म्हातारपणी सगळ्यांचंच थोडंफार होतं, शुगरवाल्यांचं लवकर. मी खाली मान घालून ऐकत बसले.

तुम्ही तर शुगरची टेस्ट म्हणजे मॅट्रिकची परीक्षा समजलात! चार दिवस आधीपासून भात बंद, चहा बिनसाखरेचा, सकाळ-संध्याकाळ फिरणं. रिपोर्ट चांगला आला की गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानातून सुटल्यावर संत्रा बर्फीचा डबा घेऊनच घरी. "पास झालो वं, बेटा!" मी म्हणायची, बाबा, तीन महिन्यांची साखर सांगणारी टेस्ट करा, तिला नाही फसवता येत. तर म्हणे, "काहून? मले काय होऊन राहिलं? दिवसभर कापडाची थानं उचलून राहिलो ना मी!" कोणाला फसवत होतात हो तुम्ही? आणि तो तुमचा डॉक्टर, उपाशीपोटीचा आकडा बघून तुमची पाठ थोपटणारा! एकदा तरी त्याने तुमचे हात बघायचे होते.

अन् धाकटीचं साक्षगंध. मुलाकडचे साखरपुड्याची अंगठी घेऊन दारात आले, तुम्ही हात जोडले, ते असे अर्धवट, सैल. मुलाची आत्या लगेच बोलली, "मुलीचे वडील भारीच अकडू दिसतात." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्हाला स्वयंपाकघरात बोलावलं आणि सगळ्या बायकांसमोर मी म्हणाले, "हात नीट जोडा ना बाबा, एवढा कसला तोरा?" तुम्ही ओट्यावर तळहात ठेवून वरून दुसऱ्या हाताने दाबून पाहिलात. म्हणालात, "जोडले तं होते वं." बस, एवढंच. लग्नात तुम्ही पूर्णवेळ आचाऱ्यांजवळ उभे राहिलात. कोणी नमस्कार केला की हात पाठीमागे. पोरीच्या लग्नात बाप चोरासारखा! अजून आठवलं की अंगाची लाही होते. भांडायचं होतं ना माझ्याशी, काहून नाही भांडलात?

हे पत्र कुठे टाकायचं, ते मलाही माहीत नाही. चुरगाळून टाकीन बहुतेक. पण एक गोष्ट आजवर कोणालाच सांगितली नाही. परवा डॉक्टरने सांगितलं त्यात मला नवीन काहीच नव्हतं. साक्षगंधाच्या त्या वर्षी मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवत होते. 'बोटं आखडतात, तळहात जुळत नाहीत' हे मी स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहिलं होतं आणि महत्त्वाचं म्हणून खाली दोनदा रेघ ओढली होती. घरी येऊन तुमचा हात हातात घेऊन बघणं मात्र मला सुचलं नाही.