डावीकडची सावली

३ फेब्रुवारी

– आणि गिरणीच्या कोपऱ्यावरूनच परत फिरलो. छातीत काही नव्हतं. नुसता कंटाळा. हिला सांगितलं, पार मैदानापर्यंत जाऊन आलो. तिनं चपलांकडे पाहिलं.

५ फेब्रुवारी

डॉक्टर मागेच म्हणाले होते, थोरल्या भावाचं जे झालं ते तुमचं होऊ द्यायचं नसेल तर रोज चाला. दादा जिन्यात टेकला तो टेकलाच. ते आठवून कालचा दिवस चाललो. आज भीतीही शिळी झाली.

सकाळी हिनं पांघरूण ओढलं. "भावजींच्या मागोमाग जायचंय का तुम्हाला?"

उठलो नाही.

९ फेब्रुवारी

गेलो नाही.

१४ फेब्रुवारी

भांडून बाहेर पडलो म्हणून भलत्याच गल्लीत शिरलो. औषधांच्या दुकानावर दादाची पाटी! पत्र्यावर रंगवलेली, अजून शाबूत.

पाट्या रंगवणारे सगळे अक्षराची सावली उजवीकडे पाडतात. दादा डावखुरा, त्याची डावीकडे. गिऱ्हाईक कुरकुरायचं. दादा म्हणायचा, "माझा सूर्य पलीकडून उगवतो." मी खाली शिडी धरून हसायचो. शिडी हलायची, मग शिव्या.

किती वेळ उभा होतो कोण जाणे. घरी आलो तर पाय दुखत होते. बरं वाटलं.

२ मार्च

रोज नवा रस्ता. लाँड्रीची पाटी सापडली, शाळेच्या भिंतीवरची निम्मी. काही अक्षरांत मी भरलेला रंग आहे – कडेबाहेर गेलेला. हल्ली ही उठवते तेव्हा मी जागाच असतो. तिला कारण सांगितलेलं नाही. सांगितलं तर रडेल. किंवा मी.

जाताना एकदा औषधांच्या दुकानावरून जातोच.

१९ मार्च

दिवसभर आमच्या फ्लेक्सच्या दुकानात. हल्ली पाट्या रंगवायच्या नसतात. संगणकावर जुळवून फ्लेक्स छापायचा. खुर्चीत बसून पाठ लाकूड होते.

दुपारी एक ऑर्डर जुळवली. नवंच नाव, हिरवी अक्षरं, कोपऱ्यात हसरी बाई. छापून झाल्यावर पत्ता वाचला. तेच औषधांचं दुकान.

फ्लेक्स लावायला गेलो तेव्हा औषधवाल्याला म्हटलं, खाली जुनी पाटी आहे, पत्रा उतरवून मला द्या. तो म्हणाला, "काका, पत्रा भिंतीत बसवलाय. वरूनच ठोका."

मीच ठोकला. नाही म्हणता आलं असतं. पण दुसऱ्या कुणी हातोडा वेडावाकडा घातला असता. शेवटचा खिळा मारायच्या आधी फ्लेक्सची कड उचलून आत पाहिलं. मग मारला.

घरी येऊन जेवलो नाही. हिला सगळं सांगितलं. रडली. मी नाही. निजताना म्हणाली, "उद्या नाही उठवत तुम्हाला. राहू द्या."

हो म्हटलं. आता कशाला जायचं?

२० मार्च

पहाटे जाग आली. जरा वेळ पडून राहिलो. पाय स्वस्थ बसेनात.

गेलो. पाट्या पाहिल्या नाहीत, अंधारच होता. पूल ओलांडून पलीकडे गेलो. तिथे कधी आमचं काम नव्हतं. अंग तापलं, श्वास लांब झाला. मजा आली.

परतलो तेव्हा ही अजून झोपलेली होती.